पाण्यापलीकडची शहरं

सोमवार, सिंगापूर

जगातल्या मोठ्या शहरांच्या स्कायलाइन, म्हणजे आकाशावर उमटणाऱ्या इमारतींच्या रेषा, एकामागोमाग, एकाच प्रवासात पाहाव्यात ही इच्छा कैक वर्षं मनात होती. फोटोंवरून ही तुलना करता येत नाही. लेन्स शहराला हवं तसं जवळ ओढते आणि मधलं अंतर गिळून टाकते. आणि अंतर हाच तर यातला अर्धा मामला. धाकटी बहीण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ती म्हणाली, "ताई, तू शहर बघ, मी इमारती बघते. रात्री भांडू." ऑक्टोबर निवडला आणि नियम एकच ठेवला: शहर भर उजेडात, मावळतीला आणि अंधारात अशा तिन्ही वेळी पाहायचं, आणि जमेल तिथे एकाच जागेवरून.

सुरुवातीला सिंगापूर घेतलं ते बरं झालं. मरीना बे या खाडीला पायी पूर्ण फेरी मारता येते, त्यामुळे सूर्य कुठेही असो, हवी ती बाजू आपण निवडायची. मर्लायनच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की समोर पूर्वेला मरीना बे सँड्स ही हॉटेलची इमारत. मावळतीचं ऊन थेट तिच्या अंगावर पडतं. मोशे साफदी यांनी तीन ५५ मजली इमारतींच्या डोक्यावर ३४० मीटर लांबीचा बगीचा आडवा टाकला, तो २०१० मध्ये. जगभरच्या स्कायलाइन उभ्या रेघांच्या असतात. इथे एक ठसठशीत आडवी रेघ आहे, आणि नजर फिरून फिरून तिथेच येते.

पलीकडच्या काठावरून बँकांच्या इमारती पाहिल्या तर माथा जवळजवळ सपाट दिसतो. वन रॅफल्स प्लेस, यूओबी प्लाझा, रिपब्लिक प्लाझा, तिन्ही २८० मीटर. विमानांच्या मार्गासाठी या भागात उंचीवर बंधन आहे आणि प्रत्येकीने ते शेवटच्या मीटरपर्यंत वापरलं. धाकटीला ही शिस्त आवडली. मला त्यात चढउताराची उणीव जाणवली. नजर डावीकडून उजवीकडे सरकत जाते, कुठे थबकत नाही.

पण पाणी! २००८ मध्ये खाडीच्या तोंडावर मरीना बराज बांधला आणि समुद्र बाहेर ठेवला. आता हा गोड्या पाण्याचा साठा आहे. भरती-ओहोटी नाही, लाटा नाहीत. इमारतींचे दिवे पाण्यात उतरतात ते फार न तुटता, लांबच लांब. सिंगापूरच्या रात्रीच्या देखाव्याचं निम्मं श्रेय मी वास्तुकारांना देईन, उरलेलं त्या बंधाऱ्याला.

विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. त्यामुळे आकाश गडद निळं आणि खिडक्या पिवळ्या, असा जो अवधी स्कायलाइन पाहणारे जिवापाड जपतात, तो इथे वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. आधीपासून जागा धरून बसावं लागतं.

मंगळवार, हाँगकाँग

सामान टाकून थेट चिम शा चुईच्या काठावर गेलो. १९१५ सालचा घड्याळाचा मनोरा इथे आहे. ज्या रेल्वे स्टेशनचा तो भाग होता ते कधीच पाडलं, मनोरा तेवढा ठेवला. त्याच्यापुढे बंदर, आणि बंदरापलीकडे हाँगकाँग बेट.

दुपारी पहिल्यांदा पाहणाऱ्याची इथे जरा निराशा होते. त्याचं कारण दिशेत आहे. आपण उत्तरेच्या काठावरून दक्षिणेला बघत असतो आणि सूर्यही दक्षिणेलाच असतो. म्हणजे दिसते ती इमारतींची सावलीतली बाजू: करडी, एकसारखी, थोडी धुरकट. कुणी दुपारीच पाहून निघून गेलं तर हाँगकाँगची एवढी ख्याती कशाची, हे त्याला कळणारच नाही.

आम्ही थांबलो. साडेपाचनंतर आकाश हळूहळू खाली ओढल्यासारखं झालं आणि ज्यासाठी आले होते ते दिसायला लागलं. सगळ्यांत पुढे पाणी, मग इमारती, आणि त्यांच्यामागे डोंगर. व्हिक्टोरिया पीक ५५२ मीटर उंच आहे. शहर उजळत जातं तसा डोंगर काळा होत जातो, आणि आकाश मात्र त्याच्याहून थोडं उजळच राहतं. त्यामुळे एकाच नजरेत दोन रेषा दिसतात: माणसांनी बांधलेली दातेरी रेषा आणि तिच्या वरची डोंगराची सावकाश उतरती रेषा. दोन्ही एकमेकींना धरून आहेत. एवढ्या गर्दीचं शहर असूनही देखावा गजबजलेला वाटत नाही, कारण डोळ्याला टेकायला वर ती शांत कड आहे.

ही कड आपोआप वाचलेली नाही. हाँगकाँगच्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत असं आहे की ठरावीक सार्वजनिक जागांवरून पाहताना डोंगररांगेच्या माथ्याखालचा वीस ते तीस टक्के भाग इमारतींनी झाकू नये. आम्ही उभे होतो तो काठ अशा जागांपैकीच. टू आयएफसी ही ४१२ मीटरची इमारत डोंगराची रेषा उघडच ओलांडते. मला तिचं वाईट वाटलं नाही. एकीने ओलांडली म्हणून डोंगर किती उंच आहे याचा अंदाज येतो. सगळ्यांनी ओलांडली असती तर डोंगर असून नसल्यासारखा झाला असता.

धाकटीचं लक्ष दोन शेजाऱ्यांवर होतं. आय. एम. पेई यांचा १९९० चा बँक ऑफ चायना टॉवर आणि नॉर्मन फॉस्टर यांची १९८५ ची एचएसबीसीची इमारत. पहिल्या इमारतीत त्रिकोणांच्या आडव्या-तिरप्या चौकटी सगळा भार कोपऱ्यांतल्या खांबांकडे नेतात, आणि रात्री त्याच चौकटी दिव्यांनी उजळतात. दुसऱ्या इमारतीचे मजले बाहेर दिसणाऱ्या पोलादी कैच्यांना टांगलेले आहेत. "या दोघींना लपवाछपवी माहीत नाही," ती म्हणाली. रात्रीच्या उजेडात इमारतीचा सांगाडाच तिचं रूप होतो, हे मला तिच्यामुळे दिसलं.

आठ वाजता दिव्यांचा खेळ असतो, २००४ पासून रोजचा. लेझरचे झोत इकडून तिकडे फिरतात. लोक टाळ्या वाजवतात. माझ्या मते या काठाला त्याची गरज नाही. खेळ सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटं आणि संपल्यानंतरचा अर्धा तास, हेच खरं हाँगकाँग.

बुधवार, हाँगकाँग

सकाळी स्टार फेरीने बंदर ओलांडलं. या फेरीत बाकांच्या पाठी दोन्हीकडे फिरवता येतात, म्हणून ज्या काठाकडे बघायचं तिकडे तोंड करून बसायचं. मध्यावर आल्यावर दोन्ही काठ सारख्याच अंतरावर येतात आणि मग कळतं की काउलूनची बाजू किती वेगळी आहे. कै ताकचा विमानतळ १९९८ मध्ये बंद होईपर्यंत विमानं काउलूनच्या छपरांवरून उतरत, आणि म्हणून तिथल्या इमारती बुटक्या ठेवलेल्या होत्या. तो बंद झाल्यावर आकाश मोकळं झालं. २०१० मध्ये आयसीसी हा ४८४ मीटरचा टॉवर काउलूनच्या टोकाला उभा राहिला. समोरचा टू आयएफसी आणि हा, बंदराच्या दोन्ही बाजूंना दोन द्वारपाल.

बंदर पूर्वी बरंच रुंद होतं. दीडशे वर्षं भराव टाकून टाकून काठ पुढे सरकत आले. शेवटी १९९७ मध्ये बंदराच्या रक्षणाचा कायदा झाला आणि भरावावर लगाम बसला. फेरीतून पाहताना हे सारखं मनात येत होतं: आणखी काही दशकं भराव चालू राहिला असता तर या स्कायलाइनपुढे नुसता रस्ता उरला असता.

संध्याकाळी डोंगरावर. बहुतेक लोक ट्रामने वर जाऊन गच्चीवर थांबतात. आम्ही लुगार्ड रोडने चालत गेलो. झाडीतून जाणारी अरुंद पायवाट, आणि एका वळणावर झाडं अचानक बाजूला होतात. खाली सगळ्या इमारतींच्या पाठी, त्यांच्यापलीकडे बंदर, पलीकडे काउलून आणि त्याच्याही मागे डोंगर. काल जे समोरून पाहिलं तेच उलटं. दृश्य भव्य आहे, यात शंका नाही. पण माझं मत काठाच्या बाजूने पडलं. वरून पाहिलं की शहराचा नकाशा दिसतो. चेहरा दिसतो तो पाण्याच्या पातळीवरूनच. धाकटीला हे पटलं नाही. तिच्या मते वरूनच कळतं की एवढ्या उतारावर पाया घालणं म्हणजे काय.

शुक्रवार, शांघाय

शांघायला नदी आहे, ह्वांगपू, साधारण ४०० मीटर रुंद. एका काठावर 'बंड' नावाचा जुना रस्ता: १९२० च्या दशकातल्या बँका, जकात कचेरी, घड्याळाचा मनोरा, दगडी खांब. समोर पुडोंग भागातलं लुजियाझुई. १९९० मध्ये पुडोंगच्या विकासाची घोषणा झाली तेव्हा तिथे मुख्यतः गोदामं, कारखाने, शेतं होती. आज तिथे जे उभं आहे ते सगळं त्यानंतरचं. एका काठावर उभं राहून दुसऱ्या काठाकडे पाहणं म्हणजे सत्तर वर्षं ओलांडणं, आणि जगात दुसरीकडे कुठे दोन काळ असे आमनेसामने उभे मी पाहिले नाहीत.

दिशा इथे आपल्या बाजूने आहे. बंडवरून आपण पूर्वेला बघतो, म्हणून दुपारनंतरचं ऊन पुडोंगच्या काचांवर समोरून येतं. चारनंतर जाऊन बसावं.

तीन उंच इमारती एकमेकींना खेटून आहेत. १९९९ चा जिन माओ, ४२०.५ मीटर, पॅगोडासारखा टप्प्याटप्प्याने निमुळता होणारा. २००८ चं वर्ल्ड फायनान्शियल सेंटर, ४९२ मीटर, माथ्याजवळ मोठी खिडकी कोरलेली. ती आधी गोल असणार होती. उगवत्या सूर्याच्या जपानी ध्वजाची आठवण येते म्हणून आक्षेप आले आणि ती चौकोनी झाली. आणि २०१५ चा शांघाय टॉवर, ६३२ मीटर, पायापासून माथ्यापर्यंत सुमारे १२० अंशांनी वळलेला. धाकटी या वळणावर बराच वेळ बोलत होती. वारा सरळ उंच भिंतीला आपटला की दोन्ही कडांवरून भोवरे सुटतात आणि इमारत डोलू लागते. भिंत सतत वळत गेली की भोवऱ्यांची लय जुळत नाही. या आकाराने वाऱ्याचा भार जवळपास पाव हिश्श्याने घटला आणि तेवढं पोलाद वाचलं. म्हणजे लांबून जो नखरा वाटतो तो हिशेब आहे.

या तिघींबद्दल माझं मत फार चांगलं आहे. तिघी तीन स्वभावाच्या आहेत तरी एकत्र नांदतात. त्यांच्या पुढे ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल टॉवर, गुलाबी गोळ्यांचा, १९९४ चा. बऱ्याच जणांना तो बटबटीत वाटतो. मला तो आवश्यक वाटतो. तो काढून टाकला तर हे शहर कुठलं, ते ओळखायला वेळ लागेल.

शनिवार, शांघाय

आज सुचोव खाडीच्या तोंडाशी, १९०७ सालच्या वायबायदू पुलावर गेलो. लोखंडी तुळयांच्या जाळीतून पुडोंग दिसतं, आणि जुना व नवा काठ एकाच चौकटीत येतात. फोटो काढणाऱ्या नवरा-नवरींची इथे रीघ असते, आणि ती का असते हे पुलावर दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं.

रात्री मात्र एक गोष्ट खटकली. इमारतींच्या अख्ख्या भिंती पडदे झाल्या आहेत. अक्षरं धावतात, चित्रं बदलतात. खिडकीतला दिवा आत कुणीतरी आहे असं सांगतो. भिंतीवरची धावती अक्षरं कुणाबद्दलच काही सांगत नाहीत. दहाच्या सुमारास ही रोषणाई बंद झाली आणि पाठोपाठ गर्दीही पांगली. आम्ही राहिलो. नदीवर मालवाहू बोटी चालू होत्या, वर तुरळक खिडक्या पेटलेल्या. शांघाय टॉवरचं वळण मला त्या वेळी सगळ्यांत स्पष्ट दिसलं.

रविवार, दुबई

मधल्या विमानबदलात एक संध्याकाळ मिळाली. बुर्ज खलिफा ८२८ मीटर. इंग्रजी वाय अक्षरासारखा तळ, चक्राकार वर चढणारे टप्पे. प्रत्येक उंचीवर आकार बदलतो आणि वारा गोंधळतो. इमारत म्हणून ती देखणी आहे, आणि धाकटीच्या शब्दांत "शिकवण्यासारखी". पण वापरात असलेल्या शेवटच्या मजल्याच्या वर २४० मीटरहून अधिक भाग नुसता निमुळता शेंडा आहे, आणि आजूबाजूच्या इमारती तिच्या निम्म्यासुद्धा भरत नाहीत. नजर तिच्यावर जाते आणि तिथेच संपते. एका गायकाची मैफल छान होऊ शकते, पण तिला समूहगान म्हणता येत नाही. दुबईबद्दल यापुढे मला फार काही लिहायचं नाही.

मंगळवार, लंडन

लंडनला येताना मनात शंका होती. इथली स्कायलाइन विस्कळीत आहे, असं ऐकून होते. रिचमंड पार्कात किंग हेन्रीज माउंड नावाची टेकडी आहे, तिथून सुरुवात केली. झुडपांच्या कुंपणात एक खिडकी कापून ठेवली आहे. तिच्यातून पाहिलं की झाडांच्या रांगेच्या टोकाला, सुमारे १६ किलोमीटरवर, सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट. एवढंच. बाकी शहर नाहीच.

हे दृश्य कायद्याने राखलेलं आहे. लंडनमध्ये अशा संरक्षित दृश्यरेषा आहेत. टेकडीवरून, पुलावरून, बागेतून घुमटापर्यंत अदृश्य पट्टे आखलेले, आणि त्या पट्ट्यांत उंच बांधायला मनाई. घुमटाच्या पुढे तर नाहीच, पण मागेही काही डोकावू नये असा प्रयत्न असतो. स्ट्रॅटफर्डची एक उंच इमारत २०१६ मध्ये घुमटामागे दिसू लागली तेव्हा लोक खूप संतापले. १६ किलोमीटरवरच्या टेकडीवरून दिसणाऱ्या घुमटाच्या पाठीमागच्या आकाशासाठी एखादं शहर भांडतं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

दुपारी प्रिमरोझ हिलवर. इथूनही आपण दक्षिणेला बघतो, तेव्हा हाँगकाँगसारखंच ऊन समोरून येतं आणि इमारती छायाचित्रांसारख्या सपाट दिसतात. पण याच सपाटपणात इथली रचना कळते. उंच इमारतींचा एक घोळका पूर्वेला, दुसरा त्याहून दूर कॅनरी वॉर्फला, दक्षिणेला एकटा शार्ड, ३१० मीटर, आणि मध्ये मोठ्या मोकळ्या फटी. ज्याला लोक विस्कळीतपणा म्हणतात त्या फटींमधूनच त्या दृश्यरेषा गेल्या आहेत.

बुधवार, लंडन

वॉटर्लू पूल. थेम्स इथे वळते म्हणून पुलाच्या एका बाजूला संसद आणि दुसऱ्या बाजूला 'सिटी' हा बँकांचा जुना भाग, दोन्ही दिसतात. संध्याकाळचं ऊन पूर्वेकडच्या सेंट पॉल्सवर पडतं. क्रिस्टोफर रेन यांचा हा घुमट १११ मीटर उंच; १९६० च्या दशकापर्यंत लंडनमध्ये त्याहून उंच इमारत नव्हती. आज त्याच्या बाजूला २७८ मीटरपर्यंतचा घोळका आहे, तरी डोळा घुमटावरच जातो. त्याच्याभोवती आकाश आहे म्हणून.

लेडनहॉल बिल्डिंगची गोष्ट धाकटीने मला तिथेच सांगितली. २२५ मीटरची ही इमारत एका बाजूने तिरकी कापलेली आहे, कारण फ्लीट स्ट्रीटवरून पाहताना ती घुमटापासून मागे झुकायला हवी होती. तिची ओळख झालेला तिरका उतार आला तो शेजाऱ्याला जागा देण्यातून. मागे २००४ ची '३०, सेंट मेरी ॲक्स' ही इमारत, गोलसर, सगळ्यांची लाडकी. आणि नदीकडे एकटी सुटलेली '२०, फेंचर्च स्ट्रीट', वर जावं तशी फुगत जाणारी. तिच्या अंतर्वक्र काचेने २०१३ मध्ये ऊन एकवटून खालच्या रस्त्यावरच्या गाडीचे भाग वितळवले होते. तो दोष नंतर काचेवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवून दूर केला, पण घोळक्यापासून सुटून नदीकाठी उभं राहण्याचा दोष तसाच आहे. जाड वरून आणि एकटी, ती पुलावरून नको तिथे येते.

इथे संधिप्रकाश अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळतो. सिंगापूरच्या धावपळीनंतर हे मोठंच सुख.

शुक्रवार, न्यूयॉर्क

हडसनच्या पश्चिम काठावर, न्यू जर्सीतल्या वीहॉकेनला एका उंच कड्यावर हॅमिल्टन पार्क आहे. मावळतीच्या दोन तास आधी पोचलो. समोर मॅनहॅटनचा मधला भाग, मिडटाउन, टोकापासून टोकापर्यंत, आणि पाठीमागून येणारं ऊन त्या सगळ्या काचा-विटा-दगडांवर. विटेची भिंत तांबूस होते, चुनखडीची पिवळसर, काचेची लखलखते. आतापर्यंतच्या शहरांत इमारती बहुतेक काचेच्याच होत्या. न्यूयॉर्कला प्रत्येक पिढीची वेगळी कातडी आहे आणि तिरप्या उन्हात ती वाचता येते.

त्यांच्या आकारालाही एक इतिहास आहे. १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग रस्त्यावरून सरळ ३८ मजले उभी चढली आणि आसपासचे रस्ते अंधारात गेले. १९१६ मध्ये नियम आला: ठरावीक उंचीनंतर इमारत टप्प्याटप्प्याने मागे घ्यायची, आणि जागेच्या पाव हिश्श्यावर मात्र हवं तेवढं उंच जायचं. क्रायस्लर, एम्पायर स्टेट यांचे निमुळते खांदे त्यातून आले. जे रूप आपण न्यूयॉर्कचं म्हणून ओळखतो ते रस्त्यावर ऊन पडावं या हट्टातून घडलेलं आहे.

क्रायस्लरचा शेंडा तर खुद्द इमारतीच्या माथ्यात गुपचूप जोडून १९२९ मध्ये वर काढला गेला, वॉल स्ट्रीटवरच्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकायला. ३१९ मीटर. दीड वर्षात एम्पायर स्टेटने, ३८१ मीटरने, तिला मागे टाकलं. पण उंचीचा मान गेला म्हणून कुणाचं काय बिघडलं? पोलादी कमानींचा तो मुकुट आजही त्या गर्दीतला सगळ्यांत सुंदर माथा आहे. तो शोधावा लागतो, हे दुःख.

शोधावा लागण्याचं कारण सेंट्रल पार्कच्या दक्षिणेचे काडीसारखे टॉवर. '४३२, पार्क अव्हेन्यू' हा टॉवर ४२६ मीटर. '१११, वेस्ट ५७ वा रस्ता' हा ४३५ मीटर, आणि त्याची उंची रुंदीच्या २४ पट. शेजारच्या बुटक्या इमारतींचे न वापरलेले बांधकामाचे हक्क विकत घेऊन एका चिंचोळ्या तुकड्यावर ते रचता येतात. धाकटी त्यांच्या बाजूने हिरिरीने बोलली. पहिल्यात दर बारा मजल्यांनी दोन मजले उघडे ठेवलेत, वारा आरपार जावा म्हणून. दुसऱ्याच्या माथ्यात डोलणं आवरणारं शेकडो टनांचं वजन आहे. मला पटतं ते सगळं. पण स्कायलाइनला खांदे लागतात, कंबर लागते. हे टॉवर कुठूनही निघतात आणि कुणाशी न बोलता संपतात. हडसन यार्ड्सच्या नव्या घोळक्याने तर पश्चिमेकडून काही जागांवरून एम्पायर स्टेट झाकूनच टाकली आहे. लंडनसारखी एखादी दृश्यरेषा कुणी आखली असती तर!

शनिवार, न्यूयॉर्क

ब्रुकलिन हाइट्सच्या काठावरून लोअर मॅनहॅटन. आपण पश्चिमेला बघतो, म्हणून सकाळी गेलो: इमारतींवर ऊन. संध्याकाळी पुन्हा गेलो: त्यांच्यामागे सूर्य. उजवीकडे १८८३ चा ब्रुकलिन पूल, दगडी कमानींचा, आणि मागे वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, शेंड्यासह ५४१ मीटर. १९७३ ते २००१ या काळात इथे दोन सारखे मनोरे होते. काठावर बसलेल्या बऱ्याच लोकांच्या डोळ्यांत ते अजून आहेत, हे त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं.

दक्षिणेचा हा घोळका आणि मिडटाउन यांच्यामध्ये मोठी बसकी दरी आहे. मध्ये खडक खोल आहे म्हणून तिथे उंच बांधलं नाही, असं सर्रास सांगितलं जातं. धाकटीने मान हलवली: पाया खोल नेता येतो, खर्च काही एवढा वाढत नाही. अर्थतज्ज्ञ जेसन बार यांच्या अभ्यासातही हेच निघालं, की खडकापेक्षा धंदा आणि वस्ती कुठे सरकत गेली यावर ते ठरलं. मला त्या दरीचं मोल वेगळ्या कारणाने वाटतं. दोन शिखरं आणि मध्ये उतार, असा श्वास त्या लांबलचक बेटाला तिच्यामुळेच मिळतो.

सोमवार, शिकागो

शिकागोला आल्यावर पहिल्यांदा एक अडचण जाणवली: हे शहर सपाट जमिनीवर आहे. मागे डोंगर नाही, खाली टेकडी नाही. समोर मात्र सरोवर, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही.

ॲडलर तारांगण काठापासून आत शिरलेल्या चिंचोळ्या जमिनीच्या टोकाला आहे. पहाटे तिथे गेलो. सूर्य सरोवरातून उगवतो आणि वायव्येला पसरलेलं सगळं शहर समोरून उजळतं. प्रवासात पहिल्यांदाच असं वाटलं की मान वळवल्याशिवाय अख्खं शहर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुरेशा अंतरावरून दिसतंय. डावीकडे विलिस टॉवर, उजवीकडे लांब जुनं हँकॉक सेंटर. दोन खुंट्या, आणि त्यांच्यामध्ये बाकीचे सगळे ताणून बांधलेले.

धाकटीचा हा दिवस होता. विलिस टॉवर, म्हणजे १९७४ चा सीअर्स, ४४२ मीटर. नऊ चौकोनी नळ्यांची मोळी. दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, उरलेल्या दोन माथ्यापर्यंत. हँकॉक १९६९ चं, ३४४ मीटर, अंगावर मोठमोठ्या फुल्या. वारा पेलणारे तिरपे बांध थेट दर्शनी भिंतीवर. दोन्हींचे इंजिनिअर ढाक्यात जन्मलेले फझलूर रहमान खान. त्यांनी भार इमारतीच्या बाहेरच्या कवचावर घेतला आणि त्यामुळे कमी पोलादात उंच जाणं जमलं. "ताई, या दोन इमारतींची कड पेन्सिलने काढली तरी त्या कशा उभ्या आहेत हे कळतं," ती म्हणाली. इथे तिच्याशी भांडायला मला काही सापडलं नाही.

मंगळवार, शिकागो

ॲडलर आणि इमारतींमध्ये ग्रँट पार्क आहे, आणि त्याच्या मोकळेपणाची हकीकत सांगायलाच हवी. १८३६ च्या नकाशावर सरोवराकाठच्या पट्ट्यावर लिहिलं होतं की ही जागा कायमची मोकळी, कुठलीही इमारत नसलेली राहील. शहर वाढलं, १८७१ च्या आगीत जळलं, पुन्हा उभं राहिलं. १८८५ मध्ये पोलादी सांगाडा वापरणारी होम इन्शुरन्स बिल्डिंग इथेच झाली. काठाची जमीन सोन्यासारखी महाग झाली आणि तिच्यावर बांधायचे बेत आले. व्यापारी ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८९० पासून वीस वर्षं कोर्टात झुंज दिली, नकाशावरच्या त्या ओळीच्या आधारावर. ते जिंकले. आज सरोवरावरून जे दिसतं, गवत, झाडं आणि त्यांच्यामागे एकदम उभी राहिलेली इमारतींची भिंत, ते त्या खटल्यांमुळे.

दुपारी नदीकाठी गेलो. मरीना सिटीचे दोन कणसासारखे गोल टॉवर, जीन गँग यांची लाटांच्या सज्ज्यांची अक्वा, आणि त्यांचीच २०२० ची सेंट रेजिस, ३६३ मीटर. हिचा ८३ वा मजला उघडा ठेवलाय, वारा निघून जायला. धाकटी मान वर करून तो मजला शोधत राहिली आणि सापडल्यावर तिने मला दंड धरून दाखवला.

संध्याकाळी पुन्हा ॲडलर. सूर्य शहराच्या डावीकडे उतरला, काचा विझल्या, खिडक्या लागल्या. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या या दिवसांत बऱ्याच उंच इमारती रात्री उशिरा सजावटीचे दिवे बंद करतात, कारण हजारो पक्षी उजेडाला भुलून काचांवर आपटतात. अकरानंतर शहर थोडं मंदावलं, आणि मंद शिकागो मला रोषणाईतल्या शांघायपेक्षा देखणं वाटलं.

मग क्रमवारीवरून वाद झालाच. माझं पहिलं हाँगकाँग, दुसरं शिकागो, तिसरं न्यूयॉर्क, पण वीहॉकेनवरूनच. त्यानंतर लंडन, शांघाय, सिंगापूर. तिचं पहिलं शिकागो.

"हाँगकाँगला डोंगर फुकट मिळाला, ताई. शिकागोला काहीच मिळालं नव्हतं. यांनी समोरची जमीन भांडून मोकळी ठेवली."

मी म्हटलं, डोंगर फुकट मिळतो, पण तो दिसत राहील हे माणसांनाच ठरवावं लागतं. आणि बंदरही कायदा करूनच वाचवावं लागलं. त्यावर तिने टू आयएफसी काढली, मी हँकॉकपुढे उभ्या राहिलेल्या नव्या इमारती काढल्या, आणि परतीच्या बसमध्येही आमचं एकमत झालं नाही.